हशा, हुर्यो आणि साक्ष : मायकेल मूर रात्रीच्या टीव्हीवर

अमेरिकेत एचबीओ या वाहिनीवर शुक्रवारी रात्री बिल माहर याचा 'रिअल टाइम' हा कार्यक्रम लागतो. २००३ पासून तो चालू आहे. मायकेल मूर हा माहितीपटकार या कार्यक्रमात अनेकदा येऊन गेला. त्यांतल्या दोन रात्री या लेखाचा विषय आहेत. पहिली जुलै २००४ च्या अखेरची. त्या रात्री मूर आणि माहर दोघेही जागेवरून उठले, समोर बसलेल्या राल्फ नेडरपुढे त्यांनी गुडघे टेकले आणि यंदा निवडणुकीतून माघार घे अशी त्याची विनवणी केली. स्टुडिओत हशा पिकला. दुसरी रात्र बारा वर्षांनंतरची, जुलै २०१६ ची. रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन क्लीव्हलँडला भरले होते आणि त्या निमित्ताने कार्यक्रमाचे विशेष भाग होत होते. मूरने आधी क्षमा मागितली, आल्या आल्याच तुमच्या आनंदावर विरजण घालतो आहे अशा अर्थाचे काही बोलला, आणि मग डोनाल्ड ट्रम्प निवडून येणार असे त्याने सांगितले. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

या दोन्ही चित्रफिती एकापाठोपाठ एक पाहिल्या की मन अस्वस्थ होते. कार्यक्रम तोच, यजमान तोच, पाहुणा तोच, आणि प्रेक्षकही त्याच मतांचे. पहिल्या रात्री मूर सोंग करत होता आणि लोक खूश होते. दुसऱ्या रात्री तो आपल्या मुलखात काय दिसले ते सांगत होता. माहितीपट करणाऱ्याचे खरे काम तेच. नेमके तेच कोणाला ऐकायचे नव्हते. टॉक शो नावाच्या यंत्रात माहितीपटकाराला घातले की दुसऱ्या बाजूने काय बाहेर पडते, हा प्रश्न मला या दोन रात्रींमुळे पडला. मी काही माध्यमशास्त्र शिकलेली नाही. वाणिज्य शाखेची पदवी, आणि फिल्म सोसायटीच्या खेळांमधून लागलेला माहितीपटांचा नाद, एवढ्या भांडवलावर हा शोध घेतला आहे. तेव्हा सिद्धान्तांची नावे इथे फारशी येणार नाहीत.

रात्रीचा टॉक शो ही खास अमेरिकन चीज आहे. १९५४ साली एनबीसीवर स्टीव्ह ॲलनने 'टुनाइट शो' सुरू केला आणि १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे जॉनी कार्सनने तो चालवला. या काळात त्याचा साचा पक्का झाला. आधी यजमानाचे उभ्याने केलेले विनोदी भाषण, मग टेबल, टेबलाच्या बाजूला पाहुण्याची बसायची जागा, आणि कोपऱ्यात वाद्यवृंद. आपल्याकडच्या प्रकट मुलाखतीची सवय असलेल्या वाचकाने इथे सावध असावे. प्रकट मुलाखतीत पाहुणा दोन तास बसतो, बालपणापासून सुरुवात करतो, मध्येच भरकटतो, आणि ते भरकटणेच पुष्कळदा ऐकण्यासारखे असते. टॉक शोमध्ये पाहुण्याला मिळतात सहा-सात मिनिटे. तो येतो ते काही विकायला, नवा चित्रपट, नवे पुस्तक. कार्यक्रमाची माणसे त्याच्याशी आधीच बोलून कोणता किस्सा सांगायचा हे ठरवून ठेवतात. यजमान प्रश्न विचारतो तो त्या किश्श्याला वाट करून देण्यासाठी. किस्सा संपला की हशा, आणि पुरावा म्हणून तो हशाच पुरतो.

माहरचा कार्यक्रम या साच्यातून थोडा निसटलेला आहे. वाहिनी वर्गणीची, त्यामुळे जाहिरातदारांची भीती नाही. (ही भीती काय असते ते माहरला ठाऊक होते. त्याचा आधीचा कार्यक्रम एबीसीवर होता. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याने केलेल्या एका विधानावरून जाहिरातदार पळाले आणि पुढच्या वर्षी तो बंद पडला.) चर्चा राजकारणाची, पाहुण्यांत राजकारणी आणि पत्रकार, आणि भाषा मोकळी, शिव्यांसकट. तरीही स्टुडिओत प्रेक्षक बसलेले असतात आणि वाक्य लागू पडले की नाही हे तेच ठरवतात. हा स्टुडिओ लॉस एंजेलिसचा. मूर जिथून आला ते फ्लिंट तिथून तीन हजार किलोमीटरहून लांब आहे. हे अंतर पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

०००

फ्लिंट हे मिशिगन राज्यातले शहर. जनरल मोटर्स कंपनीचा जन्म तिथला. १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून ४४ दिवस संप केला आणि कंपनीला त्यांच्या संघटनेशी करार करावा लागला, तोही तिथेच. मूर १९५४ साली फ्लिंटमध्ये जन्मला आणि शेजारच्या डेव्हिसन गावात वाढला. वडील जनरल मोटर्सच्या स्पार्क प्लगच्या कारखान्यात कामाला. १९६० च्या सुमारास फ्लिंटची वस्ती दोन लाखांच्या जवळ होती. २०२० च्या जनगणनेत ती ८१ हजारांवर आली. मूरच्या सगळ्या कामाच्या मुळाशी हे दोन आकडे आहेत.

'रॉजर अँड मी' (१९८९) हा त्याचा पहिला चित्रपट. कारखाने बंद करणारा कंपनीचा अध्यक्ष रॉजर स्मिथ याला गाठायचे आणि फ्लिंटला आणून तिथली अवस्था दाखवायची, एवढीच गोष्ट. स्मिथ काही येत नाही. मूर डोक्यावर बेसबॉलची टोपी घालून, ढगळ जाकीट अडकवून, कंपनीच्या कचेरीच्या लिफ्टपाशी, क्लबाच्या दाराशी पुन्हा पुन्हा जातो आणि पहारेकरी त्याला बाहेर काढतात. पैसे उभे केले ते घर विकून आणि गावात बिंगोचे खेळ लावून. वॉर्नर ब्रदर्सने तो तीस लाख डॉलरला घेतला.

या चित्रपटात लेटनाइटच्या यजमानाचे सगळे गुण आहेत, हे फारसे कोणी म्हटलेले दिसत नाही. सुरुवातीचे निवेदन म्हणजे सरळ सरळ उभ्याने केलेले विनोदी भाषण आहे : माझे बालपण, माझे गाव, माझ्या घरची माणसे, आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाला एक चिमटा. पुढे एकेक 'पाहुणे' येतात. गावाला धीर द्यायला आलेला गायक पॅट बून. फ्लिंटचाच, टीव्हीवर खेळांचे कार्यक्रम करून नाव काढलेला बॉब युबँक्स. श्रीमंतांची एक मेजवानी आहे, तिथे शोभेचे पुतळे म्हणून हाडामांसाची माणसे पैसे देऊन उभी केली आहेत. नवा तुरुंग बांधून झाल्यावर त्यात एक रात्र काढण्यासाठी पैसे मोजणारी जोडपी आहेत. टेड कॉपेलचा 'नाइटलाइन' हा रात्रीचा वार्ताकार्यक्रमही फ्लिंटहून थेट प्रक्षेपण करणार असतो, पण प्रक्षेपणाची गाडीच कोणी तरी पळवून नेतो. टीव्ही फ्लिंटला येतो येतो म्हणतो आणि येत नाही, हा विनोद मूरने तेव्हाच करून ठेवला होता.

आणि मग ससे विकणारी ती बाई. दारात पाटी : पाळायला ससे किंवा खायला ससे. ती बोलते साधेपणाने, हसून. प्रेक्षक हसतात. थोड्या वेळाने ती कॅमेऱ्यासमोर एक ससा मारते आणि सोलते. मी हा चित्रपट तीन-चार वेळा इतरांबरोबर बसून पाहिला आहे, आणि दर वेळी या जागी हसू घशात अडकल्याचे ऐकू आले आहे. पॉलीन केलने 'न्यूयॉर्कर'मध्ये मूरवर कडक टीका केली, ती अशाच जागांवर बोट ठेवून : हा माणूस गरिबांची बाजू घेतो असे दाखवतो आणि प्रेक्षकाला गरिबांनाच हसायची मुभा देतो, असा तिचा रोख होता. मला ही टीका अर्धी पटते. मेजवानीतल्या, तुरुंगातल्या माणसांना हसणे आणि त्या बाईला हसणे यांत मूर फरक करत नाही, हे खरे. पण ससा मारण्याचा प्रसंग त्याने कापला नाही, हेही तितकेच खरे. हसू पोटात गेल्यावर तो त्याची किंमत वसूल करतो. टॉक शोमध्ये ही वसुली कधी होत नाही.

दुसरा आक्षेप संकलनाचा. 'फिल्म कॉमेंट'मध्ये हार्लन जेकबसनने मूरला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले आणि चित्रपटातला कालक्रम खरा नाही हे दाखवून दिले. रेगनची फ्लिंटभेट १९८० सालची, म्हणजे तो अजून उमेदवार असतानाची. 'ऑटोवर्ल्ड' हे मोटारींचे मनोरंजन-केंद्र १९८४ मध्ये उघडले आणि लवकरच बसले. चित्रपट पाहताना मात्र वाटते की १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कारखानेबंदीनंतर गावाने केलेली ही धडपड आहे. मूरचे म्हणणे असे की हा साऱ्या दशकाचा चित्रपट आहे. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. त्याच गोष्टी खऱ्या क्रमाने दाखवल्या असत्या तरी फ्लिंटची दुर्दशा कमी झाली नसती, उलट ती किती जुनी आहे हे कळले असते. हा कात्रीचा मुद्दा पुढे पुन्हा येईल, वेगळ्या बाजूने.

०००

आता २००४ ची रात्र. 'फॅरनहाइट ९/११' जूनच्या अखेरीस लागला होता. डिस्नेने वितरणाला नकार दिला होता, कानमध्ये त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता, आणि एकट्या अमेरिकेत त्याने पुढे अकरा कोटी डॉलरहून अधिक गल्ला केला. माहितीपटाने एवढे पैसे मिळवल्याचे उदाहरण नव्हते. मूर त्या उन्हाळ्यात चित्रपटकाराहून मोठा झाला होता. विरोधी पक्षापाशी नसलेला आवाज म्हणून लोक त्याच्याकडे पाहत होते.

समोर राल्फ नेडर. हा माणूस नीट ओळखल्याशिवाय त्या गुडघे टेकण्याचा अर्थ लागत नाही. १९६५ साली नेडरने अमेरिकन मोटारींच्या धोकादायक रचनेवर एक पुस्तक लिहिले, त्यात जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर गाडीचे वाभाडे काढले होते. कंपनीने त्याच्या मागावर गुप्तहेर घातले. हे उघडकीला आल्यावर १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटच्या उपसमितीपुढे त्याची माफी मागावी लागली, आणि पुढे भरपाई म्हणून सव्वाचार लाख डॉलर मोजावे लागले. फ्लिंटच्या मालकाला जाहीरपणे मान खाली घालायला लावणारा नेडर, आणि त्याच मालकाच्या मागे कॅमेरा घेऊन धावलेला मूर. 'रॉजर अँड मी'च्या आधी मूरने काही काळ नेडरच्या हाताखाली कामही केले होते. २००० च्या निवडणुकीत तर मूर नेडरच्या प्रचारसभांतून बोलत हिंडला. दोन्ही पक्ष कंपन्यांच्या खिशात आहेत, हे तेव्हाचे त्यांचे म्हणणे.

मग फ्लोरिडाचे ते ५३७ मतांचे अंतर आले. नेडरला त्या राज्यात सत्त्याण्णव हजारांवर मते पडली होती. डेमोक्रॅटिक मतदारांच्या लेखी नेडर खलनायक झाला, आणि त्याच्याबरोबर हिंडलेल्यांना जाब द्यावा लागला. २००४ चे गुडघे टेकणे हे त्या जाबाचे जाहीर प्रायश्चित्त होते.

यजमान आणि पाहुणा एकाच वेळी जमिनीवर, आणि दुसरा पाहुणा खुर्चीत अवघडलेला. या प्रसंगातला विनोद देहाचा आहे. मूरचा अवाढव्य देह, गुडघ्यांवर येताना होणारी कसरत, आणि सुटातला काटकुळा, हसू न येणारा नेडर. मूर नेहमी दाराबाहेर उभा असतो आणि ताकदवान माणूस आत असतो, ही त्याच्या चित्रपटांची ठरलेली मांडणी. इथे ती उलटी झाली. दालन भरलेले त्याच्या बाजूच्या माणसांनी, आणि एकटा पडलेला आहे तो नेडर. ज्याने आयुष्यभर याचकाची भूमिका करून बलवानांची फजिती केली, तो त्या रात्री याचकाची भूमिका करून एका एकट्या म्हाताऱ्याची फजिती करत होता. लोकांना जुनीच नक्कल दिसली आणि ते हसले. मंडळींनी जागा बदलल्या आहेत हे त्या हशात बुडून गेले.

आणि बुडाला तो मुद्दाही. नेडर उभा का राहतो, या प्रश्नाचे उत्तर त्या टेबलावर सर्वांत चांगले कोणी देऊ शकला असता तर तो मूर होता. कारखाने मेक्सिकोला का गेले, ते अडवायला डेमोक्रॅट पक्षाने काय केले, १९९४ साली क्लिंटनच्या कारकिर्दीत उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार कसा अमलात आला, हे सगळे मूरच्या जिभेवर होते. मतविभागणी आणि ही तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतला पेच अवघड आहे. हा पेच माहितीपटात मावतो. गुडघे टेकण्यात तो मावत नाही. निकाल काय लागला तेही नोंदवून ठेवावे : नेडरला देशभरात सुमारे ४ लाख ६५ हजार मते पडली, आणि बुशने केरीला तीस लाखांच्या फरकाने हरवले.

०००

मधल्या बारा वर्षांकडे न पाहता, त्याहून मागची एक गोष्ट आधी सांगायला हवी. १९९८ साली रोझॅन बार या विनोदी अभिनेत्रीच्या टॉक शोमध्ये मूर आणि ट्रम्प एकाच दिवशी पाहुणे होते. हा कार्यक्रम दिवसा लागणारा, पण साचा तोच. आपल्या शेजारी मूर बसणार हे कळल्यावर ट्रम्प निघून जायला निघाला. कार्यक्रमाच्या माणसांनी मूरला गळ घातली : जरा सांभाळून घ्या. मूरने सांभाळून घेतले. पडद्यावर दोघे खेळीमेळीने बोलताना दिसतात. 'रॉजर अँड मी' आवडल्याचे ट्रम्प सांगतो आणि आपल्यावर मात्र याने कधी चित्रपट करू नये अशी आशा व्यक्त करतो. लोक हसतात.

ही चित्रफीत आज पाहता येते ती मूरमुळेच. २०१८ च्या 'फॅरनहाइट ११/९' मध्ये त्याने ती स्वतःच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरली. ट्रम्पला मोठे करण्यात टीव्हीचा हात होता, हे सांगताना त्याने स्वतःलाही त्या यादीत घातले. मला हा त्याच्या साऱ्या कामातला सर्वांत प्रामाणिक तुकडा वाटतो. रॉजर स्मिथला गाठण्यासाठी ज्याने वर्षे घालवली, त्याच्या हाताशी तसाच एक बडा असामी आयता आणून बसवला होता, आणि टॉक शोच्या रीतीला मान देऊन त्याने एकही प्रश्न विचारला नाही. इथे पाहुणा पाहुण्याला अडचणीत आणत नाही. दोघेही यजमानाच्या घरी जेवायला आलेले असतात.

या गोष्टीनंतर २०१६ ची रात्र वेगळी दिसू लागते.

मूर तोपर्यंत मिशिगनच्या उत्तर भागात राहायला गेला होता. ट्रॅव्हर्स सिटी या गावात तो २००५ पासून चित्रपट महोत्सव भरवत होता. मार्च २०१६ च्या मिशिगनमधील प्राथमिक निवडणुकीत हिलरी क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे असल्याचे चाचण्या सांगत होत्या, आणि जिंकला बर्नी सँडर्स. त्याच दिवशी रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीला डेमोक्रॅटांच्या निवडणुकीपेक्षा जास्त मतदार आले होते. ट्रम्प मिशिगनमध्ये येऊन मोटारकंपन्यांना दम देत होता : कारखाना मेक्सिकोला न्याल तर तिथून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर ३५ टक्के कर लावीन. मूरने हे ऐकले तेव्हा त्याला ते अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. रॉजर स्मिथला कोणी तरी हे सांगावे, ही फ्लिंटची इच्छा तीस वर्षे जुनी होती.

त्याच दिवसांत त्याने लिहिलेला हिशेब साधा आहे. अमेरिकेत अध्यक्ष होण्यासाठी राज्यवार वाटलेल्या ५३८ पैकी २७० मते लागतात. २०१२ मध्ये रॉम्नीला २०६ मिळाली होती, म्हणजे ६४ कमी. मिशिगन १६, ओहायो १८, पेनसिल्व्हेनिया २०, विस्कॉन्सिन १०. बेरीज ६४. चारही राज्ये गंजत चाललेल्या कारखान्यांची. महिन्याभरापूर्वी इंग्लंडच्या तशाच भागांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते.

हे सांगणारा माणूस स्टुडिओत आला तो आधी क्षमा मागत. मला या क्षमेवर थोडे थांबायचे आहे. मूर आपल्या चित्रपटांत कोणाची क्षमा मागत फिरत नाही. आगाऊपणा हीच त्याची शैली. 'रिअल टाइम'मध्ये मात्र त्याला ठाऊक होते की आपण इथल्या रीतीविरुद्ध काही करणार आहोत. पाहुण्याने यजमानाच्या घरी अशुभ बोलू नये. म्हणून त्याने आधीच हात जोडून घेतले. तरीही हुर्यो आली, आणि ती कोणासाठी होती हे सांगणे अवघड आहे. काही जण ट्रम्पच्या नावाला ओरडले असतील, काही मूरला. त्या दालनात हा फरक कोणाला पडत नव्हता. 'हे होईल' आणि 'हे व्हावे' या दोन वाक्यांत तिथे भेद उरला नव्हता. प्रेक्षकांच्या मनातलेच बोलून दाखवायची बारा-पंधरा वर्षांची सवय या कार्यक्रमाने लावली होती, आणि ती लावण्यात मूरचाही वाटा होता. गुडघे टेकलेल्या रात्री ज्यांना त्याने हसवले, तेच आता त्याने पुन्हा तसेच काही करावे म्हणून बसले होते.

निकालानंतर मूरची ही चित्रफीत भविष्यवाणी म्हणून फिरू लागली. यातही घोटाळाच आहे. मूर भविष्यवेत्ता असेल तर तो वाईट भविष्यवेत्ता आहे : ऑगस्ट २०१२ मध्ये एका मुलाखतीत, अध्यक्ष रॉम्नी असे म्हणण्याची सवय करून घ्या, असा सल्ला त्याने दिला होता, आणि रॉम्नी हरला. २०१६ चे त्याचे बोलणे मोलाचे आहे ते खरे ठरले म्हणून नाही. त्यामागे चार राज्यांची नावे होती, एका प्राथमिक निवडणुकीचा अनुभव होता, ओळखीची माणसे काय बोलतात याची नोंद होती. क्लिंटन थोड्या मतांनी जिंकली असती तरी ती साक्ष तितकीच खरी राहिली असती.

दरम्यान आणखी एक गंमत झाली, कडवट. निवडणुकीच्या तीन आठवडे आधी मूरने ओहायोतल्या विल्मिंग्टन गावी केलेला एकपात्री प्रयोग 'ट्रम्पलँड' या नावाने चित्रपट म्हणून आणला. तो क्लिंटनच्या बाजूने होता. त्यात एका जागी तो बेकार झालेल्या कामगाराच्या मनात शिरून बोलतो : सारे गेले, आता ज्या व्यवस्थेने हे केले तिच्यावर फेकायला ट्रम्प हा हाताशी आलेला पेटता बाटलीबॉम्ब आहे. पुढे तो सांगतो की हा आनंद थोड्या दिवसांचा, मागाहून पस्तावाल. ट्रम्पच्या समर्थकांनी पहिला भाग ठेवला, दुसरा कापला, आणि मूरच ट्रम्पचा प्रचार करतोय म्हणून तो सगळीकडे फिरवला. ट्रम्पच्या मुलानेही तो पुढे पाठवला. 'रॉजर अँड मी'चा कालक्रम हलवणाऱ्याच्या वाट्याला हे आले, याला काव्यगत न्याय म्हणायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. मूरच्या कात्रीने फ्लिंटची दुर्दशा खोटी केली नव्हती. या कात्रीने बोलणाऱ्याचे म्हणणेच उलटे केले. तरी एवढे दिसतेच की साक्षीचा हवा तेवढा तुकडा घेण्याची रीत दोन्हीकडे एक होती : स्टुडिओतल्यांना तिचा शेवट हवा होता, ट्रम्पवाल्यांना सुरुवात.

'फॅरनहाइट ११/९' मध्ये मूर पुन्हा फ्लिंटला जातो. एप्रिल २०१४ मध्ये, राज्यपालाने नेमलेल्या प्रशासकाच्या अमलात, शहराचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर वळवण्यात आला. त्या पाण्याने जुने नळ झिजले आणि शिसे घराघरांत गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जनरल मोटर्सने आपल्या इंजिनच्या कारखान्यासाठी हे पाणी घेणे थांबवले, कारण सुटे भाग गंजू लागले होते. लोकांना ते आणखी वर्षभर प्यावे लागले. चित्रपटाच्या या भागातही मूरचे खेळ आहेतच. टँकरभर फ्लिंटचे पाणी नेऊन तो राज्यपालाच्या बंगल्यावर फवारतो. हे दृश्य टॉक शोसाठी अगदी तयार आहे, आणि मला ते सर्वांत कमी लक्षात राहिले. लक्षात राहतात ती मूर मागे सरतो तेव्हाची माणसे, मुलांच्या रक्ततपासणीचे कागद दाखवणारी, हळू आवाजात बोलणारी.

मे २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामा फ्लिंटला आला. सभेत त्याने पाण्याचा पेला मागवला आणि एक घोट घेतला, गाळलेले पाणी प्यायला हरकत नाही हे दाखवण्यासाठी. सभागृहातल्या माणसांचे चेहरे चित्रपटात आहेत. त्याला टाळ्या वाजवायला आलेली, बहुतांश कृष्णवर्णीय, त्याच्याच पक्षाची ही माणसे. त्यांची हुर्यो अशी ऐकू येत नाही. मूर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत जाऊन बसला तो यानंतर अडीच महिन्यांनी.

नोव्हेंबरमध्ये मिशिगन ट्रम्पने १०,७०४ मतांनी जिंकले. फ्लिंट ज्या जेनेसी काउंटीत आहे तिथे क्लिंटनच पुढे राहिली, पण ओबामाला २०१२ मध्ये तिथे मिळालेल्या मतांपेक्षा तिची मते वीस हजारांहून अधिक कमी होती.